नॉर्मल रक्ताचा ब्लास्टर

"मैडम, बस एक लाइन लिख दीजिए. पेशंट का खून नॉर्मल है. आपके लेटरपैड पे. बाकी हम देख लेंगे."

फोनवर डॉक्टर सक्सेना होते. तिरोडीच्या अलीकडे तेव्हा एका खासगी ठेकेदाराची मँगनीजची खाण होती. आता ती बंद आहे. सक्सेना त्या खाणीच्या दवाखान्यात डॉक्टर होते आणि मी बालाघाटात पॅथॉलॉजी लॅब चालवत होते. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त, लघवी, काढलेल्या गाठी तपासून आजार ओळखणारा डॉक्टर. आमच्या गावात त्याचा अर्थ 'खून निकालने वाली मैडम' एवढाच होता. सक्सेनांच्या लेखी तर मी टाइपरायटर होते. त्यांनी बोलायचं, मी छापायचं.

"किसके लिए चाहिए?" मी विचारलं.

"अरे वो मेश्राम है ना, ब्लास्टर. ड्यूटी पे पी के आता है. सबने गिरते देखा है. सस्पेंड कर दिया, तो अब बोलता है बीमारी है. आपकी ही रिपोर्ट में तेरह हीमोग्लोबिन है. तेरह! खदान के हिसाब से तो पहलवान हुआ."

भाऊराव मेश्राम हे नाव मी विसरणं शक्य नव्हतं. वर्षभरापूर्वी हेच गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन साडेपाच होतं.

"एक लाइन से काम नहीं चलेगा," मी म्हणाले. "नळी नको, माणूस पाठवा."

सक्सेना हसले. पॅथॉलॉजिस्टने माणूस मागावा हे त्यांना फारच गमतीचं वाटलं.

वर्षभरापूर्वीची हकीकत आधी सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ब्लास्टर म्हणजे खडकात पाडलेल्या भोकांत बारूद भरून ती उडवणारा. जबाबदारीचं काम. त्याला लायसन लागतं आणि हातपाय ताब्यात असावे लागतात. भाऊराव हे काम तरुणपणापासून करत आले होते. पहिल्यांदा लॅबमध्ये आले तेव्हा चेहरा जुन्या मेणबत्तीसारखा पिवळट पडलेला होता. जीभ लाल, गुळगुळीत. दोन पायऱ्या चढून धापा टाकत होते. त्याआधी वर्षभर सक्सेनांनी त्यांना लोहाच्या गोळ्या आणि जंतांचं औषध दिलं होतं. खाणीतल्या माणसाला रक्त कमी म्हणजे पोटात जंत, हा सक्सेनांचा सिद्धांत. बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबरही निघायचा. त्यामुळे पेशंटकडे बघायची त्यांची सवयच सुटली होती.

मी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली धरला. जंतांमुळे किंवा लोह कमी पडल्याने रक्त घटतं तेव्हा तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. भाऊरावांच्या पेशी उलट मोठ्या होत्या, अंड्याच्या आकाराच्या, ठसठशीत. पांढऱ्या पेशींचं केंद्रक एरवी तीन-चार तुकड्यांचं असतं, इथे सहा-सहा तुकडे दिसत होते. एमबीबीएसच्या पोराने परीक्षेत ओळखावं असं चित्र. बी-ट्वेल्व्ह या जीवनसत्त्वाची कमतरता.

मी रिपोर्ट पाठवला. सक्सेनांचा फोन आला. "शाकाहारी होगा. अंडा खाने को बोल देता हूँ."

बी-ट्वेल्व्ह दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं हे खरं. पण भाऊरावांना काय खाता असं विचारायला कुणाची हरकत होती? मी विचारलं.

"मॅडम, आमच्या इथं बाजाराच्या दिवशी मच्छी आल्याशिवाय चूल नाई पेटत," त्यांची बायको सुनंदाबाई म्हणाली. "कलेजी तं ह्याइले आवडीनं लागते."

म्हणजे ताटात कमतरता नव्हती. कमतरता पोटात होती. मी त्यांना नागपूरला पाठवलं. तिथे दुर्बिणीने जठर बघून आतल्या अस्तराचे तुकडे तपासायला घेतले.

आता थोडं पोटाचं शिक्षण. जठराच्या वरच्या भागात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात. त्याच पेशी एक प्रथिनही बनवतात. त्याचं काम हमालाचं. बी-ट्वेल्व्हला उचलून पुढे आतड्यापर्यंत न्यायचं आणि तिथे आत पोचवायचं. हा हमाल नसेल तर माणसाने रोज कलेजी खाल्ली तरी ते जीवनसत्त्व तसंच बाहेर निघून जातं. भाऊरावांच्या या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. त्या मारल्या होत्या त्यांच्याच शरीराच्या संरक्षण यंत्रणेने. याला ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस म्हणतात, आणि त्यातून होणाऱ्या रक्तक्षयाला पर्निशियस अनिमिया. पर्निशियस म्हणजे घातक. औषध सापडण्याआधी माणसं याने मरत असत, म्हणून हे नाव.

त्या तुकड्यांमध्ये आणखी एक पाहुणा निघाला. एच. पायलोरी नावाचा जंतू. जठराच्या आम्लात बाकीचे जंतू मरतात, हा तिथेच संसार थाटतो. आपल्याकडे तो घरोघरी आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो, काहींना अल्सर होतो. आणि तेव्हा तज्ज्ञांमध्ये एक कयास जोरात होता, अजूनही आहे, की काही माणसांत भांडणाची सुरुवात हाच जंतू करत असावा. शरीर जंतूविरुद्ध हत्यारं बनवतं. जंतूचा एखादा भाग आम्ल बनवणाऱ्या पेशींच्या एका भागासारखा दिसतो. मग हत्यारं जंतूसोबत घरच्यांवरही चालतात. सगळ्यांच्यात असं होतं असं कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. पण भाऊरावांच्या पोटात दोन्ही सापडले, जंतूही आणि जळलेलं अस्तरही.

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या. जंतू मारायला दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स. आणि बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. जन्मभर. 'जन्मभर' या शब्दाखाली रेघ मारलेली मी स्वतः पाहिली होती.

इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन महिन्यांत भाऊराव माणसात आले. चेहऱ्यावर रंग आला. पायाला मुंग्या येत होत्या, त्या कमी झाल्या. लॅबमध्ये आले तेव्हा पायऱ्या चढून न थांबता बोलले. मला आनंद झाला. माझ्या धंद्यात पेशंट बरा झालेला क्वचितच दिसतो. नळ्या येतात, रिपोर्ट जातात.

त्यानंतर ते खाणीच्या दवाखान्याच्या हवाली झाले. आणि आता हा फोन.

दोन दिवसांनी भाऊराव आणि सुनंदाबाई बसने बालाघाटला आले. भाऊराव दारातून आत आले ते जमिनीकडे बघत. पाय रुंद फाकवून टाकत होते आणि प्रत्येक पाऊल जरा जोरात आपटत होते. चेहरा मात्र लाल, तुकतुकीत. फोटो काढला असता तर सक्सेनांचा पहलवान शोभला असता.

"मॅडम," बसायच्या आधीच म्हणाले, "मी दारू नाई पेत. आजवर थेंब नाई घेतला. विहारात लोकाइले पंचशील मी सांगतो. सुरामेरय... मद्य पिणार नाही, हे मी म्हणतो अन् बाकीचे माह्या मागं म्हणते. अन् मलेच बेवडा म्हणून राह्यले."

सुनंदाबाईने पदराने त्यांचा नव्हे, स्वतःचा चेहरा पुसला.

काय झालं ते तिनेच सांगितलं. सकाळच्या पाळीला अंधार असतानाच कामावर जायचं असतं. भाऊराव खाणीत उतरताना एकदा पडले. मग पुन्हा पडले. मॅनेजरने गेटवरच्या फळ्यावर नोटीस लावली, मद्यप्राशन करून कामावर आल्याबद्दल निलंबित. ती गावभर झाली. त्यानंतर पौर्णिमेला भाऊराव नेहमीसारखे विहारात वंदना घ्यायला उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले, आणि वंदनेच्या दोन ओळी होतात न होतात तोच आडवे झाले. सगळ्या लोकांसमोर, बुद्धमूर्तीपुढे.

"कमिटीवाल्याइनं सांगतलं, भाऊराव, आता तुमी पुढं उभे नका राहू," सुनंदाबाई म्हणाली. "म्हणे, पंचशील सांगणाराच पिऊन येते."

"घरी कधी पडतात?" मी विचारलं.

"दिवसा नाई. सकाळी मोरीवर तोंड धुते ना, तवा. तोंडावर पाणी मारलं का झोक जाते. मी तं धरूनच उभी राहतो आता."

मी खुर्चीत सरळ बसले. एवढ्या माणसांनी भाऊरावांना पडताना पाहिलं होतं. सगळ्यांना दारू दिसली. अंधारात, तोंड धुताना, वंदनेला डोळे मिटल्यावर, एवढं साधं गणित कुणाला दिसलं नव्हतं.

मी भाऊरावांना भिंतीपासून दूर उभं केलं. पाय जुळवून. डोळे उघडे ठेवून ते उभे राहिले, थोडे कडक, पण स्थिर. सुनंदाबाईला मागे उभं केलं आणि म्हणाले, "आता डोळे मिटा." मिटले. क्षणभरात ते मागे कलंडले. तिने धरलं.

माणूस उभा राहतो तो तीन गोष्टींच्या जिवावर. डोळे, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र, आणि पायांकडून येणारी बातमी. पाय कुठे टेकला, किती वाकला, हे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या पट्ट्यातून मेंदूला कळतं. भाऊरावांच्या पायांची बातमी मेंदूपर्यंत पोचत नव्हती. ते डोळ्यांवर उभे होते. डोळे मिटले की संपलं. एमबीबीएसच्या काळातला ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा लोखंडी चिमटा, माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. तो वाजवून त्यांच्या घोट्याच्या हाडावर ठेवला.

"काही जाणवतं?"

"थंड लागते."

"थरथर?"

"नाई."

"जमीन कशी लागते चालताना?"

"कापसावर चालून राह्यलो असं लागते, मॅडम."

हे सगळं बी-ट्वेल्व्हच्या अभावाचं लक्षण होतं. नसांवरचं वेष्टण टिकायला हे जीवनसत्त्व लागतं. पण मग रक्त इतकं चांगलं कसं? मी परत काचपट्टी पाहिली. पेशी बऱ्यापैकी सुधारलेल्या होत्या. हिमोग्लोबिन खरंच तेरा. असं होण्याचं एक कारण मला माहीत होतं.

"इंजेक्शन चालू आहे ना?"

"ते तं सक्सेना साहेबानं बंद केलं," भाऊराव म्हणाले. "नागपूरले पुन्हा पोट पाह्यलं, जंतू गेला म्हणे. तं साहेब म्हणे, बीमारी खतम, सुई खतम. ताकतीच्या गोळ्या देल्या."

सुनंदाबाईने पिशवीतून ताकतीच्या गोळ्यांची पट्टी काढली. फोलिक ॲसिड. मोठा डोस. खाणीच्या दवाखान्यात या गोळ्यांचे खोके पडून होते, मुदत संपत आली होती. म्हणून ज्याला त्याला वाटत होते. भाऊरावांना दिवसाला तीन.

फोलिक ॲसिड काही विष नव्हे. गरोदर बायकांना आपण देतोच. पण बी-ट्वेल्व्ह नसलेल्या माणसाला नुसतं फोलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारतं आणि नसा सडत राहतात. रक्त बनवायचं काम ते उसनं भागवतं, नसांचं काम त्याला येत नाही. म्हणजे रिपोर्ट चढत जातो आणि माणूस उतरत जातो. हे वैद्यकाच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असतं. सक्सेनांनी ते पुस्तक विकलं असावं, अगर कधी घेतलंच नसावं.

आणि जंतू गेला म्हणून आजार गेला, हा तर्क ऐकून तर मला हसावं की रडावं कळेना. काडी विझवली म्हणून जळालेलं घर उभं राहत नाही. जंतू मारणं योग्यच होतं. पण हमाल बनवणाऱ्या पेशी मेल्या होत्या, त्या काही नागपूरच्या कागदावर 'जंतू नाही' असं लिहिल्याने जिवंत होणार नव्हत्या. आजाराने मारलं नसतं एवढं या हुशारीने मारत आणलं होतं.

मी त्याच दिवशी रक्त बी-ट्वेल्व्हच्या तपासणीला नागपूरला पाठवलं आणि ओळखीच्या फिजिशियनकडून पहिलं इंजेक्शन तिथेच देववलं. "पाय बरे होतील?" भाऊरावांनी विचारलं. मी खोटं बोलले नाही. म्हणाले, बरेचसे होतील असं वाटतं, पण उशीर झाला आहे, आणि किती ते आज सांगता येत नाही.

"अन् नाव?" ते म्हणाले.

त्याला माझ्याकडे इंजेक्शन नव्हतं.

निलंबनावर खाणीत इन्क्वायरी बसणार होती. तिच्या आधी लॅबमध्ये बिसेन आले. खाणीच्या युनियनचे सेक्रेटरी. पांढरा सफारी, खिशात दोन पेनं. त्यांच्याकडे तिसरंच निदान तयार होतं.

"मैडम जी, आप मँगनीज लिख दो. धूल से नस खराब होती है, हमने पढ़ा है. मेश्राम का केस बन गया तो पूरी खदान का केस बन जाएगा."

मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर माणसाची चाल बिघडते हे खरं आहे. पण ती वेगळी. चेहरा लाकडासारखा होतो, अंग ताठरतं, माणूस चवड्यांवर चालायला लागतो. पायांची संवेदना शाबूत राहते. भाऊरावांचं नेमकं उलट होतं.

"बिसेनजी, ये मँगनीज नहीं है," मी म्हणाले. "धुळीची तपासणी तुम्ही जरूर मागा. सगळ्यांची मागा, मी मदत करते. पण या माणसाच्या नावावर नको."

"पर इसका तो फायदा ही होगा ना?"

"फायदा काय होणार? उद्या कंपनीचा डॉक्टर येऊन सिद्ध करेल की मँगनीज नाही. मग उरली काय? दारू."

बिसेन जरा विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. त्याला आजारी मेश्राम नको होता, उपयोगी मेश्राम हवा होता. मॅनेजमेंटला बेवडा हवा होता, युनियनला हुतात्मा. पेशंट कुणालाच नको होता.

इन्क्वायरी खाणीच्या ऑफिसात झाली. टेबलामागे मॅनेजर अरोरा, बाजूला सक्सेना, समोर भाऊराव आणि त्यांच्या बाजूने बिसेन. मला बोलावणं भाऊरावांचं होतं. मॅनेजरसाहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला, भाऊरावांसाठी नाही. मी कप तसाच ठेवला.

सक्सेनांनी माझाच रिपोर्ट वर धरला. "सर, हीमोग्लोबिन तेरह. मैडम के ही साइन हैं. और जो इन्फेक्शन था पेट में, वो नागपुर वालों ने लिख के दिया है कि खत्म. तो अब गिरने का कारण एक ही बचता है."

"टेस्ट करूया," मी म्हणाले. "दो मिनट लगेंगे."

भाऊरावांना खोलीच्या मध्ये उभं केलं. पाय जुळवून, डोळे उघडे. ते उभे राहिले. सगळे बघत होते. मी मुद्दाम वेळ जाऊ दिला. मग म्हणाले, "आता मिटा." ते मागे गेले, बिसेनने धरलं.

"देखिए!" सक्सेना जवळजवळ टाळी वाजवून म्हणाले. "यही तो मैं कह रहा हूँ. अभी भी पिए हुए हैं."

"मॅनेजरसाहेब, जरा इकडे या," मी म्हणाले. "वास घ्या."

अरोरांना ते आवडलं नाही. मजुराच्या तोंडाचा वास घेणं त्यांच्या हुद्द्यात बसत नव्हतं. पण इन्क्वायरी होती, कागदावर सगळं येत होतं. ते उठले, भाऊरावांपुढे वाकले, आणि सरळ झाले.

"नहीं है," ते म्हणाले.

"दारू प्यायलेला डोळे उघडे ठेवूनही झुलतो. हा उघड्या डोळ्यांनी तुमच्यासमोर खांबासारखा उभा होता. ज्याचे पाय मेंदूशी बोलत नाहीत तोच असा पडतो. अंधारात पडतो. तोंड धुताना पडतो. वंदनेत पडतो. तुमच्या खाणीत सकाळी अंधार असतो की नाही?"

"होता है," अरोरा म्हणाले.

मी नागपूरहून आलेला बी-ट्वेल्व्हचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. आकडा तळाला गेलेला होता. मग फोलिक ॲसिडची पट्टी ठेवली. आणि शेवटी नागपूरचा पहिला कागद, ज्यात 'जन्मभर' खाली रेघ होती. तो मी सक्सेनांच्याच फाइलमधून काढला, फक्त त्याच्यावर नवा कागद टाचलेला होता.

"डॉक्टरसाहेब, ये आपने पढ़ा था?" अरोरांनी विचारलं.

"सर, लेटेस्ट रिपोर्ट में तो..." सक्सेना म्हणाले. "हम लेटेस्ट ही फॉलो करते हैं."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. एका माणसाचे पाय, नोकरी आणि अब्रू त्यांनी वरच्या कागदावरून निकालात काढली होती. आणि अजूनही त्यांना फक्त कोणता कागद वर होता एवढंच सांगायचं होतं.

"मतलब जिंदगीभर सुई?" अरोरांनी मला विचारलं.

"महिन्याला एक."

"बस?"

"बस. तुमच्या दवाखान्यात फ्रिजजवळच्या कपाटात पडलेली आहेत. मी येताना बघून आले."

निलंबन मागे घेतलं गेलं. भाऊरावांना ब्लास्टिंगवर परत घेतलं नाही, आणि तेवढ्यापुरती मॅनेजरची बाजू बरोबर होती. पाय भरवशाचे नसताना बारुदीजवळ कुणीच जाऊ नये. त्यांना पंप हाऊसला हलकं काम मिळालं. बिसेन मला बाहेर भेटून म्हणाले, "मैडम जी, केस तो हाथ से गया." सक्सेनांनी फाइलमध्ये लिहिलं की पेशंटला बी-ट्वेल्व्ह पुन्हा सुरू करण्याचा सल्ला 'पूर्वीप्रमाणेच' देण्यात आला आहे. हा 'पूर्वीप्रमाणेच' मला आजही झोपेत आठवतो आणि मी जागी होते.

भाऊरावांनी एकच गोष्ट मागितली. नोटीस गेटच्या फळ्यावर लागली होती, तर ती रद्द झाल्याचंही तिथेच लावा. अरोरा म्हणाले, तशी पद्धत नाही. आदेश बंद लिफाफ्यात मिळाला. माणसाला बेवडा ठरवायला फळा लागतो, निर्दोष ठरवायला फळ्यावर जागा नसते. ही पद्धत मात्र सगळ्या ऑफिसांत अगदी चोख पाळली जाते.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत इंजेक्शनं नियमित चालली. पायांना हळूहळू जाग आली. पूर्ण नाही. बोटांच्या टोकांना अजून सुन्नपणा होता, घाईने वळलं की तोल जायचा. पण कापूस जाऊन जमीन परत आली होती.

एका पौर्णिमेला सुनंदाबाईचा निरोप आला. विहारात या. मी गेले.

विहार छोटा, एका खोलीचा. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, हे मला तिथल्या एका बाईने सांगितलं. का जास्त, ते विचारायची गरज नव्हती. ज्यांनी भाऊरावांना पुढे उभं राहू नका म्हटलं होतं, ते कमिटीवाले पहिल्या ओळीत होते. भाऊरावांना पुन्हा पुढे बोलावणं त्यांनीच पाठवलं होतं. त्याला माफी म्हणायचं की परीक्षा, हे त्यांनाही माहीत नसावं.

भाऊराव पुढे गेले. सावकाश, पाय आपटत नव्हते. हात जोडले. मागे वळून एकदा सुनंदाबाईकडे बघितलं. ती त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभी होती.

"डोळे उघडे ठेवा ना," ती हळू म्हणाली. "काहून मिटता?"

"बाकीचे मिटते तं मी काहून नाई मिटू?" ते म्हणाले, आणि मिटले.

मी आजूबाजूला पाहिलं. विहारभर जोडलेले हात होते आणि एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. सगळे भाऊरावांच्या पायांकडे बघत होते. भाऊराव जरा हलले. सुनंदाबाईचा हात अर्धवट पुढे आला आणि तिथेच थांबला. ते सावरले. त्रिसरण झालं. एक एक शील ते म्हणत गेले, आणि लोक त्यांच्या मागून. पाचव्या शीलाला, मद्याच्या, त्यांचा आवाज चढला. मुद्दाम चढवला असेल. मागून लोकांचा आवाज जरा खाली आला.

ते पडले नाहीत. शेवटपर्यंत.

बाहेर पडताना कमिटीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, आमाले तं आधीच वाटत होतं, हे पिणाऱ्यातले नाई." मी त्यांना नमस्कार केला. वाद घालायला माझ्याकडे ट्यूनिंग फोर्क नव्हता.

त्यानंतर माझ्या लॅबच्या रिपोर्टवर मी एक ओळ छापून घेतली. 'हा रिपोर्ट पेशंटला बघून वाचावा.' डॉक्टर सक्सेनांनी पुढच्या आठवड्यात फोन केला. विचारलं, "मैडम, ये लाइन किसके लिए है?"

मी म्हणाले, "सबके लिए. पूर्वीप्रमाणेच."